सायलेंटवरचा फोनही का किंचाळतो? इमर्जन्सी अलर्ट आणि आपला रायगड

7 मे 2025 ला देशभर सिव्हिल डिफेन्सचं मॉक ड्रिल झालं. त्यासाठीच्या केंद्राच्या यादीत उरण पहिल्या वर्गात होतं, मुंबई आणि तारापूरच्या रांगेत. अलिबागला खेटून असलेलं थळ-वायशेत (आरसीएफचा खत कारखाना) दुसऱ्या वर्गात, आणि रायगड तिसऱ्या. वीकेंडवाल्यांच्या अलिबागची ही दुसरी ओळख. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स याच जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला उतरलं होतं. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र अलिबागपासून सरळ रेषेत साधारण 40 किलोमीटरवर आहे.

असं काही घडलं तर सूत्रं कोणाकडे? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांचा कंट्रोल रूम नंबर 1077. सेव्ह करून ठेवाच.

आता फोनचं बघू. साधा एसएमएस एकेका नंबरला जातो, म्हणून गर्दीत अडकतो. सेल ब्रॉडकास्ट वेगळं आहे. नकाशावर भाग आखायचा, त्या भागातले टॉवर एकदाच संदेश प्रसारित करतात आणि रेंजमधला प्रत्येक फोन तो उचलतो. रेडिओसारखंच. तुमचा नंबर कोणाला लागत नाही, इंटरनेटही नाही. फोन सायलेंटवर असला तरी मोठा आवाज होतो. एअरप्लेन मोडवर मात्र काहीच येत नाही.

20 जुलै 2023 ला याची चाचणी झाली आणि महाराष्ट्रात कित्येकांचे फोन वाजले. आदल्याच रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. दोन्हींचा संबंध नव्हता, पण तो योगायोग मला अजून टोचतो.

अँड्रॉइडवर सेटिंग्समध्ये ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ सर्च करा आणि चालू आहे का बघा. चाचणीच्या आवाजाला कंटाळून अनेकांनी ते बंद करून टाकलंय! एनडीएमएचं ‘सचेत’ ॲपही घ्या. पण ॲपला नेट लागतं, हे लक्षात ठेवा.

टॉवरच पडले तर? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा मुरूड-श्रीवर्धनकडे कित्येक दिवस फोन मुके होते. त्यामुळे भोंगा ओळखता यायला हवा: वरखाली होणारा आवाज म्हणजे धोका, एकसुरी लांब आवाज म्हणजे धोका टळला. बॅटरीवरचा छोटा रेडिओ मला पॉवर बँकेइतकाच गरजेचा वाटतो.

अणु-दुर्घटनेत पहिली प्रतिक्रिया ‘गाडी काढा’ ही असते, आणि तीच चुकीची. आधी पक्क्या घरात जा, दारं-खिडक्या, पंखे, एसी बंद करा आणि सूचना येईपर्यंत आतच थांबा. आयोडीनची गोळी फक्त थायरॉइडला वाचवते, तीही प्रशासन सांगेल तेव्हाच घ्यायची. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवती 16 किलोमीटरपर्यंत बाहेरच्या लोकांसाठी आपत्कालीन नियोजन असतं. तारापूर अलिबागहून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे, तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘लगेच गोळ्या घ्या’ आलं तर ते डिलीट करा.

फॉरवर्डचं काय होतं, ते ऑगस्ट 2022 मध्ये दिसलं. हरिहरेश्वरला एके-47 असलेली बोट सापडली आणि अफवांचा पूर आला. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची, समुद्रात भरकटलेली निघाली. पण ती दिसल्यावर पोलिसांना कळवलं गेलं, हे बरोबरच झालं. किनाऱ्यावर असं काही दिसलं तर हात लावू नका, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. 112 लावा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा 1554.