प्रतिध्वनींच्या गर्दीत आवाजांचा शोध

सभागृहात दोघे-तिघे एकाच वेळी बोलू लागले, तरी कोण कोठून बोलत आहे हे माणसाला सहसा उमगते. यंत्राला मात्र ते कठीण जाते. दूरस्थ बैठकीत कॅमेरा वक्त्याकडे वळवणे किंवा श्रवणयंत्रातून नेमका हवा तोच आवाज ठळक करणे यासाठी ही क्षमता मोलाची ठरते.

यामागील मूळ तत्त्व सोपे आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर अंतर कापतो. वक्त्यापासून एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा १ मीटर अधिक दूर असेल, तर तेथे आवाज सुमारे २.९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. या कालांतरावरून वक्ता एका ठरावीक वक्ररेषेवर असल्याचे कळते. मायक्रोफोनच्या दुसऱ्या जोडीची वक्ररेषा पहिलीला जेथे छेदते, तेथे आवाजाचा उगम असतो.

बंद खोलीत भिंतींवरून परतलेला ध्वनीही मायक्रोफोनपर्यंत येतो आणि भलतीच दिशा दाखवतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ मध्ये ज्या व्याख्यानगृहाचा अभ्यास हाती घेतला, तेथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. अशा वेळी मानवी मेंदू प्रथम पोहोचलेल्या ध्वनीला प्राधान्य देतो. यंत्रांसाठी नॅप आणि कार्टर यांच्या १९७६ मधील शोधनिबंधात चर्चिलेली एक पद्धत रूढ झाली. तीत निरनिराळ्या कंप्रतांच्या ध्वनींची तीव्रता बाजूला ठेवून केवळ त्यांच्या कलेचा विचार होतो. त्यामुळे कालांतर अधिक स्पष्ट होते.

वक्ते दोन असल्यास गुंता वाढतो. प्रत्येक जोडीतून दोन वक्ररेषा मिळतात. दोन जोड्यांच्या मिळून चार रेषांचे चार छेदनबिंदू संभवतात. त्यांपैकी दोनच खरे असतात, उरलेले आभासी. खोलीभर विखुरलेले मायक्रोफोन येथे उपयोगी पडतात. खऱ्या स्थानाबाबत बहुतेक जोड्यांची साक्ष जुळते. आभासी बिंदूंना आणि प्रतिध्वनींना मात्र प्रत्येक ठिकाणाहून असा दुजोरा मिळत नाही.

तथापि, सर्व मायक्रोफोनची घड्याळे अचूक जुळलेली असणे आवश्यक असते. त्यांत केवळ १ मिलिसेकंदाची तफावत पडली, तरी अंतरांच्या फरकात सुमारे ३४ सेंटीमीटरची चूक होते. शेजारी बसलेल्या दोन वक्त्यांची गल्लत होण्यास तेवढी चूक पुरेशी ठरू शकते.