हात न लावता

चटया रांगेत मांडायच्या नाहीत, हा इथला पहिला नियम. त्या गोल मांडायच्या, प्रत्येकीची पाठ भिंतीकडे, आणि दार सगळ्यांना दिसलं पाहिजे. दिवे मंद करायचे नाहीत. आसनांसाठीचे पट्टे कपाटाबाहेर काढायचेच नाहीत. कॅनडातल्या विनिपेग शहरात, नॉर्थ एंड भागातल्या एका सामाजिक केंद्रात चालणाऱ्या या योगवर्गात मी मदतनीस आहे. चटया, खुर्च्या, ब्लँकेटं आणि शेवटी कप विसळणं एवढं माझं खातं. पुण्यात अय्यंगार पद्धतीत शिकलेल्या बाईला पट्ट्यांशिवाय योगवर्ग म्हणजे पोळपाटाशिवाय स्वयंपाकघर.

येणाऱ्या बायका क्री, अनिशिनाबे, मेटी या मूलनिवासी समाजांतल्या. २०२१च्या जनगणनेत विनिपेग महानगरात एक लाखाहून जास्त मूलनिवासी होते. कॅनडातल्या दुसऱ्या कुठल्याच शहरात तेव्हा इतके नव्हते. शिकवणारी स्वतः क्री आहे, चाळिशीतली. तिच्या शेजारी खुर्चीवर एक आजी बसतात. त्यांना सगळ्या ‘कूकुम’ म्हणतात, म्हणून मीही. कूकुम आसनं करत नाहीत. पण त्यांच्याशिवाय वर्ग सुरू होत नाही. सत्र ठरवण्याआधी शिकवणारी त्यांच्याकडे गेली ती कापडाच्या चिंधीत बांधलेली तंबाखू घेऊन. ज्येष्ठांकडे काही मागायचं तर ही रीत. मानधनाचा लिफाफा नंतर, तोही देतातच.

सुरुवात धुरीने होते. शिंपल्यात सेज नावाची वाळलेली सुगंधी वनस्पती ठेवतात, काडीने पेटवतात, ज्वाळा विझली की पिसाने वारा घालतात. तोंडाने फुंकायचं नाही. शिंपला घड्याळाच्या दिशेने फिरतो. जी ती ओंजळीत धूर घेते आणि तोंड धुतल्यासारखा डोक्यावरून, डोळ्यांवरून, कानांवरून, छातीवरून फिरवते; चष्मेवाल्या चष्मा काढून ठेवतात. दिसायला हे फार काव्यमय वाटतं. प्रत्यक्षात त्याआधी केंद्राच्या व्यवस्थापकाला सांगून ठेवावं लागतं, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. दमा असलेली एक बाई तेवढा वेळ बाहेर थांबते. चर्चला जाणारी आणखी एक जणही बाहेरच असते, तिला हे पटत नाही. तिला कुणी कारण विचारत नाही. धूर निघून गेल्याशिवाय श्वसनाचा भाग सुरू होत नाही.

पाळी चालू असलेली बाई धुरी घेत नाही. कूकुमचं म्हणणं असं की त्या दिवसांत बाईचं शरीर स्वतःच शुद्धीचं काम करत असतं, तिची शक्ती तेव्हा मोठी असते, तिला वेगळ्या धुराची गरज काय? आमच्या घरात ‘बाजूला बसणं’ पाहिलेलं असल्यामुळे मी हे जरा संशयानेच ऐकते. पण इथे ती बाई त्याच गोलात बसते, त्याच किटलीतला चहा पिते, एवढं माझ्या डोळ्यांनी बघते.

आता पट्ट्यांकडे येते. कॅनडाच्या निवासी शाळांत दीड लाखाहून जास्त मूलनिवासी मुलांना पाठवलं गेलं. या शाळा सरकारच्या पैशाने चालत, त्यातल्या बहुतेक चर्चच्या हातात होत्या, आणि शेवटच्या बंद पडायला १९९०चं दशक संपत आलं. म्हणजे या गोलातल्या काही बायका स्वतः तिथे होत्या, बाकीच्यांच्या आया होत्या. तिथे केस कापले जात, आपली भाषा बोललं की पट्ट्याने मार बसे, उठणं-बसणं-झोपणं घंटेवर चाले. अंगाला हात लावणाऱ्यांचे गुन्हे पुढे या शाळांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर आले. आता आपला नेहमीचा योगवर्ग आठवून पाहा. रांगा. ‘पाठ ताठ!’ ‘डोळे मिटा!’ ‘मी सांगेपर्यंत सोडायचं नाही!’ मागून येऊन खांदे सरळ करणारा हात. आपण त्याला शिस्त म्हणतो आणि ती मला अजूनही आवडते. या खोलीत मात्र तो आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी ठरतो.

म्हणून इथे आज्ञार्थ नाही. ‘वाटलं तर हात वर न्या, नाही तर मांडीवर असू द्या.’ शिकवणारी स्वतःच्या चटईवरून हलत नाही. कुणाचा गुडघा आत वळतोय हे मला दिसतं, तिलाही दिसतं. ती सगळ्यांना मिळून सांगते, नाव घेत नाही, हात लावत नाही. कुंभक वगळलेला आहे, कारण श्वास कोंडला की काहींना धडकी भरते. अधोमुख श्वानासन नाही. मार्जारासन बहुतेकींना आवडतं, बरंचसं खुर्चीवर बसूनच. मधुमेह, गुडघे, सुजलेले पाय सगळीकडे आहेतच. भिंतीला पाय लावून विपरीत करणी जाहीर केली की एकदम हुशारी येते.

या पद्धतीला थोडा आधार प्रयोगाचाही आहे. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ६४ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतरच्या तणावाचं निदान (पीटीएसडी) असलेल्या आणि तो त्रास इतर उपचारांनी न हटलेल्या या बायका होत्या. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्यांपैकी ५२ टक्के त्या निदानाच्या बाहेर आल्या, तर नुसत्या आरोग्यशिक्षणाच्या गटातल्या २१ टक्के. संख्या लहान आहे आणि त्या बायका विनिपेगच्या नव्हत्या. शिवाय या अभ्यासात कूकुमचा रकाना नाही.

शवासन हा सगळ्यात अवघड भाग. उताणं पडून डोळे मिटणं काहींना अजिबात जमत नाही. कुणी कुशीवर, कुणी भिंतीला टेकून, कुणी डोळे उघडे ठेवून. तेव्हा कूकुम हातातला ढोल हळू वाजवतात, काळजाच्या ठोक्याच्या लयीत. मूलनिवासींसाठीच्या ‘इंडियन ॲक्ट’मधल्या १८९५च्या दुरुस्तीने या मैदानी प्रदेशातले ढोलावरचे कित्येक नृत्यविधी कायद्याने गुन्हा ठरले होते. ती कलमं १९५१ साली गेली. कूकुम सत्तरी ओलांडलेल्या आहेत, तेव्हा हिशेब ज्याचा त्याने करावा. शेवटी नमस्ते नाही, ओम नाही. ‘मिग्वेच’ म्हणून आभार मानतात आणि उठतात.

योग आणि सेज एकत्र आणणं ही काही या बायकांची कल्पना नव्हे. शहरातल्या महागड्या दुकानांत सेजच्या जुड्या आणि योगाच्या चटया कधीपासून एकाच फळीवर आहेत. विकणारा बहुधा क्रीही नसतो आणि कोकणस्थही नसतो. मला सुरुवातीला हा वर्ग त्याच फळीची सुधारलेली आवृत्ती वाटला होता. फरक दिसला तो वगळलेल्या गोष्टींत. योगाला आत यायचं तर काय दाराबाहेर ठेवावं लागेल, हे इथे बायकांनी ठरवलं. दुकानात ते कुणी ठरवत नाही.

चहा आणि बॅनक नावाची जाड भाकरी, हा भाग वर्गापेक्षा लांबतो. कुणाची मुलगी बालकल्याण खात्याकडून परत मिळाली, कुणाच्या घराचा हीटर बंद आहे, अशी बोलणी. अनुदानाच्या अर्जात या वेळेला रकाना नसतो, म्हणून शिकवणारी ती ‘पोषण’ या सदरात दाखवते.

गेल्या खेपेला कूकुमनी मला विचारलं, तुमच्या गावात योग आजी शिकवतात का? म्हटलं, नाही, बहुतेक ठिकाणी एक सर असतात, माइक घेऊन.

‘मग आज्या काय करतात?’

‘पहिल्या रांगेत असतात. सर ओरडले की हसतात.’

हे त्यांना पसंत पडलं. उरलेला बॅनक त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला आणि पुढच्या मंगळवारी दोन खुर्च्या जास्त लागतील म्हणून सांगितलं.