काकांचे म्हणणे कागदावर कधी येणार?

मंडळाच्या गेल्या कोजागिरीला दूध आटत असताना एक काका म्हणाले, "उद्या काही झालं तर मला नळ्या लावून जगवू नका रे." काकूंनी लगेच दटावले, "सणासुदीला भलतंसलतं बोलू नये!" विषय तिथेच मिटला. आमच्या घरी मात्र रात्री पुन्हा निघाला.

निमित्त होतेच. २० जून २०२५ ला हाउस ऑफ कॉमन्सने इंग्लंड व वेल्ससाठीचे इच्छामरणाचे विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत करून लॉर्ड्सकडे पाठवले. त्यातली अट अशी, की रुग्ण प्रौढ व निर्णयक्षम हवा आणि सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित हवा.

आपल्याला आठवतात त्या अरुणा शानबाग. त्यांना या विधेयकाचा काहीच उपयोग झाला नसता. मुंबईच्या केईएममधल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली आणि मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. त्यांना भरवणे थांबवावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी केला. वर्षानुवर्षे त्यांना भरवणाऱ्या, पुसणाऱ्या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. अरुणाताईंची खरी जवळची माणसे केईएमचीच, असे म्हटले. तळमळ दोन्हीकडे होती. अरुणाताईंना काय हवे होते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते.

भारतात २०१८ पासून असे इच्छापत्र करता येते. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ च्या कायद्याने जीव वाचवणारे उपचार आधीच नाकारता येतात. त्यासाठी कागदावर सही व साक्षीदार हवा आणि 'जीव धोक्यात आला तरी' असे स्पष्ट लिहिलेले हवे. नुसते नवरा-बायको असल्याने एकमेकांसाठी नकार देण्याचा हक्क मिळत नाही, हे आम्हालाही नवीनच होते. (डॉक्टरेट रसायनशास्त्रातली, दुसरे काय!)

विधेयकाबद्दल आम्हा दोघांत एकमत नाही. असह्य वेदनांतून सुटायची मुभा असावी, हे एक मत. दुसरी भीती अशी, की आपली वडीलधारी माणसे "तुम्हाला माझा त्रास नको" हे चहा नको म्हणावे तसे म्हणतात. इथल्या डॉक्टरने ते शब्दशः घेतले तर?

परवा काकांना फोन करून म्हटले, तो कागद घेऊन येतो.

"या," ते हळूच म्हणाले, "पण ही भजनाला गेली की."