दुसऱ्या गिअरवर अडलेली गाडी

"साहेब, दुसऱ्यातून हलतच नाही." ऑटोमॅटिक गाडी घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरची तक्रार बहुधा याच शब्दांत येते. इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही, सिग्नलवरून गाडी जड पायांनी निघते. बंद करून पुन्हा चालू केली, तर कधी दिवसभर नीट चालते आणि दुसऱ्या दिवशी घाटात तेच. गिअरबॉक्स संपला, असं मालकाला वाटू लागतं. खरं तर गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतलेला असतो आणि त्यामागे पुष्कळदा बोटाच्या पेराएवढा वेग मोजणारा एक सेन्सर असतो. पुष्कळदा, म्हणजे नेहमी नव्हे. या लेखाचा विषय त्या दोहोंमधलं अंतर आहे.

उदाहरणादाखल एकच गिअरबॉक्स घेऊ : मर्सिडीज-बेंझचा पाच गिअरचा ७२२.६. तो १९९६ पासून गाड्यांत बसू लागला आणि सी-क्लास, ई-क्लासबरोबर क्रायस्लर, जॅग्वार, सँगयाँग अशा परक्या घरीही नांदला. पुण्यात जुळणी झालेल्या ई-क्लासमध्ये तो होता. महिंद्राने चाकणला जुळवलेल्या रेक्स्टनच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्येही मर्सिडीजचाच पाच गिअरचा बॉक्स होता. त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच गॅरेजांनी त्याचं पोट उघडून पाहिलं आहे.

त्याआधीच्या ऑटोमॅटिकला विजेची फारशी गरज नव्हती. जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक आणला, तेव्हा वेग ओळखायचं काम गव्हर्नरकडे होतं. बाहेर जाणाऱ्या शाफ्टबरोबर वजनं फिरत, वेग वाढला की ती बाहेर फेकली जात, त्या प्रमाणात तेलाचा दाब वाढे आणि तो दाब स्प्रिंगला हरवून व्हॉल्व्ह सरकवे. ७२२.६च्या आधीचे मर्सिडीजचे चार गिअरचे बॉक्सही असेच चालत. गव्हर्नर अडकत असे, झिजतही असे, पण तो हाताने काढून बघता येई. ७२२.६मध्ये गव्हर्नर नाही. वेगाची मोजदाद हॉल सेन्सर करतात. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पातळ धातूतून वीज गेली की आडव्या दिशेने बारीकसा व्होल्टेज तयार होतो, हे एडविन हॉल या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खावर दाखवून दिलं होतं. फिरणारा भाग सेन्सरसमोरून गेला की क्षेत्र बदलतं, सेन्सर उघडझाप करतो आणि कंट्रोल युनिट ती उघडझाप मोजतं.

या बॉक्समध्ये असे सेन्सर दोन आहेत. पुढच्या प्लॅनेटरी संचातल्या सन गिअरच्या फेऱ्या एक मोजतो, तर त्याच संचाच्या कॅरियरच्या दुसरा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये के-१ हा क्लच सन गिअर आणि कॅरियर एकमेकांना जखडून टाकतो. संच अखंड फिरतो आणि दोन्ही सेन्सरचे आकडे एकच यायला हवेत. पहिल्या आणि पाचव्या गिअरमध्ये बी-१ हा ब्रेक सन गिअरला धरून ठेवतो, म्हणजे तिथे त्याचा आकडा शून्य हेच बरोबर उत्तर. एवढं माहीत नसेल, तर पाचव्या गिअरमध्ये स्कॅनरवर शून्य पाहून माणूस चांगला सेन्सर फेकून देईल.

बॉक्समधून बाहेर पडणारा वेग मोजायला मात्र आत सेन्सरच नाही. तो आकडा एबीएसच्या मागच्या चाकांच्या सेन्सरवरून, गाडीच्या डेटा लाइनमधून येतो. चाकापाशी चिखल साचला किंवा दात असलेली रिंग तडकली, तर गिअर बिघडल्याची तक्रार घेऊन गाडी गिअरबॉक्सवाल्याच्या दारात उभी राहते आणि दुखणं असतं चाकात.

आता कोड. स्कॅनरवर पी०७१५ उमटला, तर त्याचा अर्थ आत येणाऱ्या वेगाच्या सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, इतकाच. सर्किटमध्ये सेन्सर येतो, वायर येते, कपलर येतो, पुरवठा येतो, अर्थ येतो आणि कंट्रोल युनिटही येतं. आपल्याकडे कोड आला की पार्ट मागवायची घाई होते. माझ्या मते या गिअरबॉक्सवर झालेला निम्मा खर्च त्या घाईचा असतो.

जाणता मेकॅनिक कोड पुसण्याआधी सगळे लिहून घेतो. दोन्ही सेन्सरची तक्रार एकाच क्षणी आली असेल, तर दोघे एकत्र मेले असं तो मानत नाही. दोघांना मिळणारा पुरवठा आणि अर्थ सामाईक आहे, म्हणून आधी तिकडे बघतो. मल्टिमीटरने ओहम मोजायची जुनी सवय इथे कामाची नाही. चुंबक आणि गुंडाळीवाल्या दोन तारांच्या सेन्सरला ती परीक्षा लागू पडते, कारण त्यात खरोखर तांब्याची गुंडाळी असते. हॉल सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि तिथे ओहमचा आकडा काहीच सांगत नाही. पुरवठा आहे का, आणि चाक फिरताना सिग्नल वरखाली होतो का, हे पाहावं लागतं.

मग गाडी रस्त्यावर काढायची, तेल चांगलं तापू द्यायचं. यातले बरेच सेन्सर थंड असताना शहाण्यासारखे वागतात आणि तापल्यावर बोलेनासे होतात. थंड गाडी रॅम्पवर चढवून "सगळं ठीक आहे" म्हणणाऱ्याला म्हणूनच काही सापडत नाही.

रस्त्यावरची खरी परीक्षा अंकगणिताची. या बॉक्सच्या मोठ्या आवृत्तीत तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४१ आहे. बॉक्समध्ये वेग आणणारा टर्बाइन २,८२० फेऱ्या मारत असेल, तर मागचा शाफ्ट २,००० मारणारच. चौथ्यात गुणोत्तर १.००, म्हणजे दोन्ही सारखे. हिशेब जुळला नाही, तर एक तर क्लच घसरतोय किंवा कुणीतरी खोटं सांगतंय. दोहोंत फरक करायला आलेख लागतो. घसरणारा क्लच हळूहळू सुटतो, इंजिनच्या फेऱ्याही त्याबरोबर वर चढतात. बिघडलेला सेन्सर मात्र १,८०० वरून एका झटक्यात शून्यावर येतो आणि पुन्हा १,८०० दाखवतो. लोखंडाचा जड संच पापणी लवायच्या आत थांबून परत धावू शकत नाही. दुसऱ्या ते चौथ्या गिअरमध्ये दोनपैकी एकच आकडा असा कोसळला आणि दुसरा स्थिर राहिला, तर बिघाड विजेच्या बाजूचा आहे. तिसऱ्या गिअरपासून टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लच धरतो, त्यामुळे इंजिनच्या फेऱ्या हा पडताळ्याचा तिसरा आकडाही हाताशी असतो.

असा झटका दिसला की कंट्रोल युनिट आहे तो गिअर धरून ठेवतं. गाडी थांबवून, बंद करून पुन्हा चालू केली की फक्त दुसरा आणि रिव्हर्स मिळतो. घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत पोचण्याची ती सोय आहे. पहिला दिला, तर गाडी रांगत राहील. पाचवा दिला, तर उठणारच नाही.

विजेची बाजू म्हणजे सेन्सरच, असं इथेही समजायचं नाही. या बॉक्सचा कुप्रसिद्ध रोग तेरा पिनांच्या कपलरचा. त्याच्या बुशिंगच्या ओ-रिंग म्हाताऱ्या झाल्या की गिअर ऑइल कपलरमध्ये शिरतं आणि दिव्याच्या वातीत चढावं तसं तांब्याच्या तारांमधून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. आधी कपलर काढून बघावा. नंतर कंट्रोल युनिटचा प्लग काढून तिथे लालसर तेलकटपणा आहे का, ते बघावं. तिथे तेल असेल, तर नवा सेन्सर बसवूनही कोड परत येईल.

सगळं तपासून सेन्सरच दोषी ठरला, तरी कंपनी तो सुटा देत नाही. दोन्ही सेन्सर, तेलाच्या तापमानाचा सेन्सर आणि सोलेनॉइडचे जोड एका प्लास्टिकच्या कंडक्टर प्लेटवर पक्के बसवलेले असतात. अख्खी प्लेट घ्यावी लागते. काही कारागीर नवे हॉल सेन्सर झाळून बसवतात. हात स्वच्छ असेल तर ते टिकतंही, पण उकळत्या तेलात झाळलेला सांधा किती दिवस धरेल याची हमी कोण देणार? प्लेट बदलायला चेंबर उतरवून तेल काढायचं. व्हॉल्व्ह बॉडी खाली घेण्याआधी कपलरचं बुशिंग ओढून काढायचं. ते विसरलं की प्लेट तिथेच तडकते. व्हॉल्व्ह बॉडीचे दोन भाग वेगळे करायची गरज नसते. परत चढवताना सिलेक्टरचा व्हॉल्व्ह आपल्या खिट्टीत नीट अडकला आहे, हे हाताने चाचपून बघायचं. नाही तर लिव्हर हलतो, गिअर पडत नाही.

२००३ मध्ये आलेल्या सात गिअरच्या ७२२.९मध्ये कंट्रोल युनिटच त्या प्लेटवर, तेलाच्या पोटात गेलं. तारांतून तेल चढायचा प्रश्न मिटला, पण वेगाचा एक सेन्सर गेला तरी युनिटसकट प्लेट बदलायची वेळ येते. शिवाय ते युनिट चोरीविरोधी व्यवस्थेने त्या गाडीशी बांधलेलं असतं. दुसऱ्या गाडीतली प्लेट काढून नुसती बसवली, तर चालत नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या प्लेटचं कोडिंग कोण करून देणार, ते विचारून घ्यावं लागतं.