नांतच्या नगरपालिकेचें उदाहरण

म्युनिसिपालिटीनें दिवाबत्ती, पाणी आणि गटारें यांकडे पाहावें, इतिहासाच्या उठाठेवींत पडूं नये, असें म्हणणारे गृहस्थ आपल्याकडे गांवोगांवीं आहेत. त्यांच्या विचारासाठीं आम्ही फ्रान्स देशांतील नांत या बंदराची हकीकत येथें देत आहों.

नांत हें लवार नदीकांठचें शहर. अठराव्या शतकांत तेथील सावकार आफ्रिकेच्या किनाऱ्यास जहाजें पाठवीत, मालाच्या मोबदल्यांत माणसें घेत, तीं अटलांटिकपलीकडील फ्रेंच बेटांत विकीत आणि साखर भरून परत येत. फ्रेंच बंदरांतून या कामीं निघालेल्या सफरींपैकीं दोनपंचमांशांहून अधिक एकट्या नांतच्या. त्यांवर चढविलेल्या माणसांची संख्या चार लाखांवर जाते. आमच्या व्यापारी वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, माणसांच्या किंमतीदाखल जो माल जाई त्यांत हिंदुस्थानच्या सुती कापडाचा मोठा भरणा असे. आपल्या विणकरास आपलें ठाण शेवटीं कशाच्या बदल्यांत जातें याची दादही नसावी.

१७९४ त फ्रान्सनें गुलामगिरी उठविली, १८०२ त नेपोलियननें ती पुन्हां चालू केली, आणि २७ एप्रिल १८४८ च्या हुकुमानें ती कायमची गेली. १८१८ च्या कायद्यानें हा व्यापार बंद ठरल्यावरही नांतची जहाजें कित्येक वर्षें चोरून जातच होतीं. नुकसानभरपाईचा कायदा १८४९ त झाला, पण ती भरपाई मिळाली मालकांस! ज्यांचा जन्म राबण्यांत गेला त्यांस कांहीं नाहीं. न्यायाचें असें विडंबन कायद्याच्या पुस्तकांतही क्वचितच सांपडेल.

शहरास हें सारें आठवावयास नको होतें. फ्रेंच वसाहतींतील गुलामांविषयींच्या ‘कोड न्वार’ या १६८५ च्या कायद्यास तीनशें वर्षें झालीं म्हणून १९८५ त तेथें विद्वानांची परिषद भरली. नगरपालिकेनें तीस मदत नाकारली. पुढें माणसें बदललीं. १९८९ त झां-मार्क एरो नगराध्यक्ष झाले, आणि १९९२ ते १९९४ या काळांत जुन्या किल्ल्यांत या व्यापाराचें प्रदर्शन भरलें. १९९८ त, मुक्ततेच्या दीडशाव्या वर्षीं, धक्क्यावर उभारलेला पुतळा थोड्याच दिवसांत कोणीं तरी मोडला. दुसरी एखादी नगरपालिका तो उचलून गप्प बसली असती. नांतनें मोठें स्मारक बांधण्याचें ठरविलें, आणि तें २५ मार्च २०१२ रोजीं खुलें झालें.

नदीच्या धक्क्यावर २,००० कांचेच्या पाट्या बसविल्या आहेत. त्यांपैकीं १,७१० वर एकेका सफरीच्या जहाजाचें नांव व निघाल्याचें साल आहे. बाकीच्यांवर बंदरांचीं व माणसांच्या खरेदीविक्रीच्या ठिकाणांचीं नांवें. आम्हांस यांतच त्या शहराचें धैर्य दिसतें. मुक्तिदात्यांचे पुतळे उभारून पुण्य पदरांत पाडून घेणें सोपें होतें. त्यांनीं आपल्याच पेढ्यांची खतावणी रस्त्यांत मांडली.

आतां आपल्याकडे पाहूं. १८३३ त इंग्रजी पार्लमेंटनें गुलामगिरी उठविली, तेव्हां कंपनी सरकारचा मुलूख वगळला. येथें १८४३ चा पांचवा कायदा झाला. त्यानें न्यायालयांनीं गुलामावरील हक्क मानूं नये इतकेंच केलें, आणि गुलाम विकणें हा गुन्हा ठरण्यास १८६० च्या पिनल कोडाची वाट पाहावी लागली. आपण निष्कलंक होतों असें कोणीं म्हणूं नये. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. संशोधकांनीं त्या वाचल्या आहेत. पण ७ एप्रिल हा १८४३ च्या कायद्याचा दिवस महाराष्ट्रांतील एखाद्या नगरपालिकेनें पाळल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. त्या दिवशीं त्या नोंदी नगरपालिकेच्या सभागृहांत वाचून दाखवाव्या, इतकेंच आमचें मागणें आहे. यासाठीं नवा कर बसवावा लागत नाहीं. ठराव मांडणारा एक सभासद पुरे.