सरे ते दुबई: उपग्रहांचं एक घराणं

संयुक्त अरब अमिरातीत राहणारी माणसं कोटीच्या आसपास असली, तरी त्यांतले मूळ नागरिक जेमतेम दहा-बारा लाख. आपला रत्नागिरी जिल्हाही याहून मोठा भरेल. एवढ्याशा देशाचं ‘अल-अमल’, म्हणजे ‘आशा’ नावाचं यान ९ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं. अशा वेळी ‘तेलाचा पैसा आहे, हवं ते विकत घेतील’ असं म्हणणारे भेटतातच. ते अगदीच खोटं नाही, पण अर्धवट आहे. पैसे टाकले की यान मिळतं. यान बांधणारी माणसं घडवावी लागतात. अमिरातीने ती कशी घडवली हे पाहायचं, तर सुरुवात दुबईपासून नव्हे, इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठापासून करावी लागते.

तिथे मार्टिन स्वीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली एक छोटा उपग्रह सोडला. बाजारात मिळणारे साधे इलेक्ट्रॉनिक भाग वापरूनही उपग्रह चालतो, हे त्यांना दाखवायचं होतं. पुढे त्यांनी परदेशी अभियंत्यांनाही हाताशी धरून शिकवायला सुरुवात केली. १९८९ मध्ये दक्षिण कोरियाच्या ‘काइस्ट’ या संस्थेतल्या चोई सून-दाल यांनी आपले विद्यार्थी तिकडे धाडले. त्या पोरांनी सरेमध्येच सुमारे पन्नास किलोचा ‘किटसॅट-१’ बांधला आणि १९९२ मध्ये तो अवकाशात गेला. दुसरा त्यांनी मायदेशी परतून बांधला. तिसरा १९९९ मध्ये गेला तो आपल्या श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्हीवर बसून. मग याच मंडळींपैकी काहींनी ‘सॅटरेक इनिशिएटिव्ह’ ही कंपनी काढली. कालचे शिष्य आता गंडा बांधायला मोकळे झाले होते.

दुबईने २००६ साली अवकाश तंत्रज्ञानासाठी संस्था स्थापन केली (आजचं मोहम्मद बिन रशीद अवकाश केंद्र) आणि याच कोरियन कंपनीशी करार केला. करार नुसत्या उपग्रहाचा नव्हता. अमिराती तरुण कोरियात जाऊन राहणार, आराखड्यापासून चाचणीपर्यंत प्रत्येक टेबलावर त्यांची खुर्ची असणार, हे त्यात आलं. ‘दुबईसॅट-१’ २००९ मध्ये गेला तेव्हा काम मुख्यतः कोरियन हातांचं होतं, अमिराती शिकाऊ. २०१३ च्या ‘दुबईसॅट-२’ मध्ये वाटा वाढला. २०१८ चा ‘खलिफासॅट’ मात्र अमिराती अभियंत्यांनी दुबईतच बांधला. संगीतातल्या घराण्यासारखीच ही रीत: आधी गुरूच्या मागे बसून तानपुरा, मग साथ, मग स्वतःची बैठक. उमरान शरफ आणि सारा अल अमिरी, ज्यांनी पुढे मंगळ मोहिमेची आणि तिच्या विज्ञानाची धुरा सांभाळली, ती दोघं याच तालमीतून आलेली. शरफ यांची एक पदवी तर काइस्टचीच.

मंगळाची घोषणा जुलै २०१४ ची. आपलं मंगळयान तेव्हा वाटेत होतं. सरकारने दोन अटी घातल्या: देशाच्या पन्नाशीआधी, म्हणजे डिसेंबर २०२१ पूर्वी पोहोचायचं, आणि यान विकत न घेता बांधायचं. त्यासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी भागीदारी झाली. यानाची जुळणी बोल्डर शहरात झाली, अग्निबाण जपानी, खर्च सुमारे वीस कोटी डॉलर. मग हे यान ‘स्वतःचं’ कसं, असं टीकाकार विचारतात. माझं मत विचाराल तर परक्या कार्यशाळेत बसून शिकलेलं कामही आपलंच. कोरियाचा पहिला उपग्रह तरी कुठे कोरियात बांधला होता?

करोनाने भलताच ताप दिला. यान जपानला न्यायचं, तर सोबत जाणाऱ्यांना विलगीकरण. म्हणून काही अभियंते आधीच पाठवून ठेवले आणि बाकीचे यानाबरोबर गेले: दुबईहून विमानाने नागोया, तिथून जहाजाने तानेगाशिमा बेट. २० जुलै २०२०च्या जपानी सकाळी उड्डाण झालं.

खरी कसोटी सात महिन्यांनी आली. ताशी सुमारे १ लाख २१ हजार किलोमीटर वेगाने चाललेलं यान १८ हजारांवर आणायचं होतं, नाहीतर ते मंगळाला ओलांडून निघून गेलं असतं. त्यासाठी सहा थ्रस्टर २७ मिनिटं सलग जाळायचे, त्यात निम्म्याच्या आसपास इंधन संपणार. मंगळाहून संदेश यायला ११ मिनिटं लागत होती. म्हणजे काही बिघडलं तर ते दुबईत कळेपर्यंत निकाल लागून गेलेला असणार. सगळा निर्णय यानाच्या संगणकावर सोपवलेला. नियंत्रण कक्षातल्यांना फक्त बसून राहायचं होतं, आणि माझ्या मते अभियंत्याला याहून अवघड काम नसतं.

यानाची कक्षा मोठी विचारपूर्वक निवडली आहे: वीस हजार ते त्रेचाळीस हजार किलोमीटर, एक फेरी ५५ तासांची. एवढ्या उंचीवरून मंगळावरच्या सकाळ-दुपार-रात्रीचं हवामान सगळीकडे पाहता येतं. आधीची बरीच यानं जवळून, ठरावीक वेळीच पाहायची. नवख्या देशाने दुसऱ्यांचं गिरवण्यापेक्षा मोकळी राहिलेली जागा हेरली, हे मला यशाहूनही महत्त्वाचं वाटतं. शिवाय सगळी माहिती जगाला फुकट खुली आहे. मार्च २०२३ मध्ये मंगळाच्या डायमोस या उपग्रहाजवळून, सुमारे शंभर किलोमीटरवरून जाताना त्याने टिपलेली छायाचित्रं तर थक्क करणारी आहेत.

सगळं गोडच झालं असं नाही. ‘रशीद’ नावाची दहा किलोची चांद्रगाडी एप्रिल २०२३ मध्ये जपानी खासगी लँडर कोसळल्याने गेली. स्वतःचा अग्निबाण अमिरातीकडे अजून नाही, प्रक्षेपणतळही नाही. शारजातल्या विद्यार्थ्यांचा चिमुकला ‘नायिफ-१’ देखील २०१७ मध्ये पीएसएलव्हीवरच गेला, त्या गाजलेल्या १०४ उपग्रहांच्या गर्दीत.

छोट्या देशाने अग्निबाणाच्या मागे न लागता आधी माणसं घडवली, हा क्रम मला योग्य वाटतो. जिथे येत नाही तिथे पुन्हा शिकायला बसण्याची लाजही त्यांना नाही. मार्च २०२५ मध्ये सोडलेला ‘इत्तिहाद-सॅट’ हा त्यांच्या केंद्राचा पहिला रडार उपग्रह त्यांनी सॅटरेक इनिशिएटिव्हबरोबरच बांधला.