केसरीचं पहिलं दशक

पुण्याजवळच्या वाकडहून मुळा नदीचा पूल ओलांडला की बालेवाडी. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या तिथल्या क्रीडासंकुलात जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्र केसरी किताबाची अंतिम कुस्ती झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे. सदगीरने 3-2 अशी कुस्ती मारली आणि शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं.

एकाच तालमीतले दोन मल्ल समोरासमोर येणं जत्रेच्या फडात सहसा घडत नाही. तिथे यात्रा कमिटी इनाम ठरवते, वस्ताद जोड पाहतात, ताकद जुळली तरच कुस्ती लागते. शिवाय बराच वेळ झुंजूनही कुणी चितपट होईना, तर बरोबरीत सोडवतात; दोघांचाही मान राहतो. बाद फेऱ्यांच्या स्पर्धेत ही सोय नाही. जोड चिठ्ठीने ठरते, हरला त्याने लंगोट आवरायचा. जत्रेत वाढलेल्या कुस्तीला हे वळण लावणं सोपं नव्हतं, आणि माझ्या मते महाराष्ट्र केसरीच्या सुरुवातीच्या वर्षांचं खरं मोल इथेच आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान बांधलं, ते 1912 मध्ये खुलं झालं. पण संस्थानं विलीन झाली आणि पैलवानाच्या खुराकाची काळजी वाहणारा राजाश्रय संपला. 1953 मध्ये मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं आणि पुढच्याच वर्षी परिषदेच्या अधिवेशनात नव्या राज्याच्या नावाचा किताब लढवला गेला. पहिला मानकरी दिनकर दह्यारी, ठिकाण तेव्हाचं औरंगाबाद.

ठिकाणांची ही यादी मला फार बोलकी वाटते. औरंगाबादनंतर 1962 ला धुळे, तिथे भगवान मोरे जिंकले. 1964 ला अमरावती, 1965 ला नाशिक. दोन्हीकडे गणपतराव खेडकर. पुढे जळगाव, खामगाव, अलिबाग. मानकऱ्यांच्या यादीत पुण्याचं नाव 1970 ला येतं आणि कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापूरचं थेट 1972 ला. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण नुकते एका राज्यात आले होते, आणि किताब कोल्हापूरच्या आधी त्यांच्या दारी गेला. कोल्हापूरकरांना तेव्हा काय वाटलं असेल ते असो, निर्णय मोठ्या मनाचा होता.

किताब फिरला, तरी कोल्हापूरच्या लाल मातीचा दबदबा कायम होता. 1966 चे मानकरी दीनानाथसिंह मूळ उत्तरेकडचे, पण घडले कोल्हापुरात. 1967 आणि 1968 असा सलग दोनदा जिंकलेला चंबा मुत्नाळही तिथल्याच मातीतला.

1963 सालापुढे मात्र कुणाचंच नाव नाही. 1977 चीही तीच गत. नव्या स्पर्धेच्या वाट्याला असं येतं. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलची अखिल आयर्लंड स्पर्धा 1887 च्या हंगामापासून सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी खेळाडू अमेरिकेच्या दौऱ्यावर गेल्याने अर्धवट राहिली. तिथेही 1888 ला विजेता नाही. त्याने स्पर्धेचं मोल घटलं नाही.

आज गादी आणि माती या दोन्ही विभागांचे विजेते किताबासाठी भिडतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणफलक, पंचांच्या शिट्ट्या. ढाक आणि धोबीपछाड या डावांबरोबर आता गुणांचा हिशेबही पैलवानाला शिकावा लागतो.

गादीवरचा हा हिशेब पहिल्या दशकातल्या मल्लांनाही चुकला नव्हता. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तयार झालेले दादू चौगुले 1970 ला पुण्यात आणि 1971 ला अलिबागेत केसरी झाले. 1973 ला ते रुस्तम-ए-हिंद ठरले. 1974 मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला राष्ट्रकुल स्पर्धेत शंभर किलोंवरच्या गटात उतरले आणि रौप्यपदक घेऊन आले.